मुलगी खोटं बोलते. पण खरं बोलली तेव्हा काय झालं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी साडेसात वर्षांची आहे. गेले काही महिने ती साध्यासाध्या गोष्टींत खोटं बोलते. दात घासलेस का, तर हो. आणि ब्रश कोरडा. गृहपाठ झाला का, तर हो. आणि वही दप्तरातून बाहेरसुद्धा आलेली नसते. मागच्या आठवड्यात टॅबची काच फुटली, तेव्हा तिने धाकट्या भावाचं नाव घेतलं. तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलंत, ती हलली नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, 'खरं सांग, मी काही करणार नाही.' मग तिने सांगितलं. संध्याकाळी बाबांना कळलं, ते खूप चिडले आणि तिचा खेळ आठवडाभर बंद झाला. तेव्हापासून ती आणखी सफाईने खोटं बोलते. आजोबा म्हणतात, एकदा चांगला मार बसला की सवय मोडेल. तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: ही सवय मोडायची कशी, आणि ही मुलगी पुढे कशी निघेल.

मी बरीच वर्षं मुलांचं आणि त्यांच्या पालकांचं समुपदेशन करते. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. तिने खरं सांगितलं, आणि तिला शिक्षा झाली. तुम्ही तिच्या खोट्याबद्दल विचारताय. मला तुमच्या घरात खरं बोलल्यानंतरच्या पाच मिनिटांबद्दल बोलायचं आहे, कारण उद्या ती काय बोलणार ते तिथे ठरतं.

तुमच्या मुलीला मी भेटलेली नाही, त्यामुळे काही गोष्टी तुम्हालाच ताडून पाहाव्या लागतील. हे सगळं हळूहळू वाढत गेलं की एकाएकी सुरू झालं? फक्त घरातच आहे की शाळेतही? ती सगळ्यांशीच असं बोलते की एकाच माणसाशी? घरात मारहाण होते का, आधी कधी झाली आहे का? उत्तरं वेगळी असतील तर माझा सल्लाही थोडा बदलेल. तो कुठे बदलेल ते पुढे सांगते.

आधी वयाबद्दल. मूल पहिल्यांदा खोटं बोलतं तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा येतो, पण ते बहुतेक मुलांत ठरल्या वेळी येतंच. चार्ल्स डार्विन यांनी आपल्या थोरल्या मुलाच्या बालपणीच्या नोंदी १८७७ मध्ये छापल्या. मुलगा दोन वर्षं साडेसात महिन्यांचा असताना जेवणाच्या खोलीतून बाहेर आला. त्याचे डोळे भलतेच चमकत होते आणि चालचलणूक काहीतरी बनावटी वाटत होती. त्याने आत जाऊन साखर खाल्ली होती. पंधरा दिवसांनी तोच मुलगा छातीवरचं फडकं नीट गुंडाळून धरून बाहेर आला. दाखव म्हटल्यावर 'काही नाही' म्हणाला आणि वडिलांनाच 'जा' म्हणून फर्मावू लागला. फडक्यावर लोणच्याच्या रसाचे डाग होते. डार्विन म्हणतात, या मुलाला कधीच शिक्षा झालेली नव्हती, त्यामुळे हे वागणं भीतीपोटी असणं शक्य नाही. पुढे ते असंही लिहितात की त्याला फक्त त्याच्या चांगल्या भावनांना हात घालून वाढवलं आणि तो लवकरच अगदी मोकळा, खरा मुलगा झाला. एका बापाची ही नोंद आहे, तिने काही सिद्ध होत नाही. पण खोट्याची सुरुवात वाईट संस्कारांतून होते असं मानणाऱ्या प्रत्येक पालकाला मी ती सांगते.

पुढे प्रयोग झाले. त्यांची साधारण रचना अशी असते: मुलाच्या पाठीमागे खेळणं ठेवायचं, 'वळून बघू नकोस' म्हणायचं आणि मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. कॅमेरा लपवलेला असतो. मायकेल लुईस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हे केलं, तेव्हा बहुतेक सगळ्यांनी वळून पाहिलं, आणि पाहिलेल्यांपैकी ३८ टक्क्यांनी 'नाही पाहिलं' असं सांगितलं. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. चार-पाच वर्षांपुढे वळून पाहिलेली बहुतेक मुलं नाकारतात. कारण सरळ आहे. खोटं बोलायला मुलाला आधी हे कळावं लागतं की मला ठाऊक आहे ते समोरच्याला ठाऊक नसू शकतं. मग खरं ओठांवर आलेलं थोपवावं लागतं, आणि त्याच्या जागी दुसरं काही ठेवून ते लक्षातही ठेवावं लागतं. बुद्धीची वाढ होते तशी ही तिन्ही कामं जमू लागतात.

तुम्हाला खुपलेली ती 'सफाई'सुद्धा इथूनच येते. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या प्रयोगांत लहान मुलं 'मी पाहिलं नाही' म्हणायची आणि लगेच 'मग मागे काय असेल?' असं विचारलं की खेळण्याचं नाव सांगून मोकळी व्हायची. सहा-सात वर्षांची साधारण निम्मी मुलं मात्र अजाणतेपणाचा आव आणू शकली. तुमची मुलगी याच उंबरठ्यावर आहे. तिचं मन काळवंडलंय असा याचा अर्थ नाही. आता ती आपल्या पहिल्या वाक्याला दुसरं वाक्य जुळवू शकते, एवढंच.

मात्र 'वय आहे, जाईल आपोआप' असंही मी म्हणणार नाही. क्षमता वयामुळे येते. ती कशासाठी आणि किती वापरायची हे मूल घरात शिकतं. म्हणून तुम्ही सांगितलेली तिन्ही खोटी वेगवेगळी करून पाहू. ऐकायला ती सारखी वाटतात, पण त्यांचं मूळ वेगळं आहे.

पहिलं, दातांचं. तुम्ही विचारता तेव्हा ती बहुधा खेळात असते आणि 'हो' हा प्रश्न संपवण्याचा सगळ्यात आखूड रस्ता असतो. त्यात फसवायचा बेत जवळजवळ नसतोच. पण जरा तुमच्या बाजूने पाहा. तुम्ही स्नानघरात डोकावून आलेल्या असता, ब्रश कोरडा पाहिलेला असतो, आणि तरीही विचारता, 'दात घासलेस?' उत्तर तुम्हाला माहीत असतं. तिची परीक्षा पाहण्यासाठीच तो प्रश्न असतो. ती 'हो' म्हणते, आणि आता तुमच्यापुढे दोन अपराध उभे राहतात: दात घासले नाहीत आणि वर खोटं. दुसरा अपराध त्या प्रश्नातून जन्मला.

ज्याचं उत्तर माहीत आहे तो प्रश्न विचारू नका. माझ्याकडे येणाऱ्या पालकांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, आणि पाळायला त्यांना सगळ्यात जड हेच जातं. आपल्याला वाटतं, मुलाला कबुलीची संधी द्यावी. हेतू चांगला असतो, पण मुलाला त्यात संधी दिसत नाही, सापळा दिसतो. तुमचा आवाज, कमरेवरचे हात, प्रश्नाआधीचा तो थांबा, सगळं ते वाचत असतं. अशा क्षणी पकडलं जाण्याची भीती डोक्यात इतकी मोठी होते की पुढचा विचार सुचत नाही. तोंडातून आपसूक 'नाही' निघतं. एकदा 'नाही' निघालं की त्याची राखण करावी लागते, आणि प्रत्येक नव्या प्रश्नाबरोबर मागे फिरणं जास्त अवघड होत जातं. पुन्हा पुन्हा विचारून तुम्ही तिच्यासाठी परतीची वाट एकेक करून बंद करत गेलात.

त्याऐवजी जे दिसतंय ते बोला. 'ब्रश कोरडा आहे. चल, आधी दात घास, मग खेळ.' 'दप्तर अजून उघडलेलं नाही. वही घेऊन ये, पहिलं गणित माझ्याशेजारी बसून कर.' यात खोटं बोलायला जागाच उरत नाही, आणि काम मात्र होतं. अशा किरकोळ गोष्टींतलं खोटं एवढ्यानेच झपाट्याने कमी झालेलं मी अनेक घरांत पाहिलं आहे. तिने आधीच 'हो' म्हणून टाकलं असेल तर परत घ्यायला वाव द्या: 'मी घाईत विचारलं, तूही घाईत उत्तर दिलंस. जरा विचार करून सांग.' आणि मग खरोखर थांबा. पाठ वळवून काहीतरी आवरायला घ्या. टक लावून पाहत राहिलात तर तो वाव उरत नाही.

दुसरं, गृहपाठाचं. इथे मी जास्त सावध होते. गृहपाठाबद्दल सतत खोटं बोलणाऱ्या मुलाच्या मागे पुष्कळदा एक न सांगता येणारी अडचण असते. फळ्यावरचं नीट दिसत नाही, वाचताना अक्षरं जुळत नाहीत, एक पाठ चुकला आणि पुढचं काहीच कळेनासं झालं, किंवा बसल्या जागी लक्ष टिकत नाही. 'मला येत नाही' हे वाक्य साडेसात वर्षांच्या मुलाला 'झालं' या शब्दापेक्षा कितीतरी जड असतं. माझ्याकडे 'खोटारडा' म्हणून आणलेल्या मुलांपैकी काहींची खरी अडचण वाचनाची निघाली. तिच्यावर काम सुरू झालं तसं खोटं गळून पडलं. त्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही. म्हणून वहीत नेमकं काय राहतं ते पाहा. एकाच विषयाचं राहतं का? लिहायचं राहतं आणि तोंडी येतं, असं आहे का? शिक्षिकेशी बोला, पण मुलीची तक्रार करायला जाऊ नका, अडतं कुठे ते विचारायला जा.

याच्याच जोडीला एक गोष्ट. घरात तिला 'हुशार' म्हणून ओळखतात का? असेल तर तिच्यापाशी गमावण्यासारखं काहीतरी आहे. ली झाओ आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये तीन आणि पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात 'तू किती हुशार आहेस' असं ऐकलेल्या मुलांनी, 'या वेळी छान केलंस' असं ऐकलेल्या मुलांपेक्षा खेळात जास्त फसवणूक केली. हुशार ठरलेल्या मुलाला 'येत नाही' म्हणणं म्हणजे ते बिरुद परत करणं वाटतं. तेव्हा कौतुक करायचं ते केलेल्या कामाचं करा.

आता तिसरं, टॅबचं. तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथे दिसतो. हे खोटं भीतीचं आहे, आणि भीती खोटी नव्हती. नंतर जे झालं त्याने ती खरी ठरली.

आजोबांचं म्हणणं मी हलकं धरत नाही. त्यांना नातीची काळजी आहे आणि त्यांच्या पिढीला हाच उपाय माहीत होता. पण मारातून मूल जे शिकतं ते आपल्याला हवं असतं त्याच्या नेमकं उलट असतं. तलवार आणि कांग ली यांचा २०११ चा एक अभ्यास पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांमधला आहे. मुलं तीन-चार वर्षांची. एका शाळेत चुकीला छडी, चापट, चिमटा. दुसरीत समज देणं किंवा थोडा वेळ बाजूला बसवणं. खेळण्याचा तोच प्रयोग दोन्हीकडे केला. माराच्या शाळेत वळून पाहिलेली जवळपास सगळी मुलं खोटं बोलली. इतकंच नव्हे, पुढच्या प्रश्नांत ते खोटं त्यांनी दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा चांगलं निभावलं. खोटं बोलायचं कौशल्य तिथे वयाआधी पिकलं होतं. आजोबांना हे तुम्ही सांगा, शक्य तर नातीसमोर नको. 'तुमचं चुकतं' म्हणण्यापेक्षा 'माराने ती लपवायला शिकेल, आणि उद्या काही मोठं घडलं तर आपल्यापैकी कोणालाच सांगणार नाही' असं म्हणून पाहा. मोठ्या माणसांना हे पटकन उमगतं, कारण लहानपणी मार चुकवण्यासाठी काय काय लपवलं हे त्यांनाही आठवत असतं.

मार नाही तर धाकही नको का, असं पालक विचारतात. २०१५ मध्ये तलवार यांच्या गटाने चार ते आठ वर्षांच्या ३७२ मुलांना तोच प्रयोग देऊन नेमकं हे तपासलं. शिक्षेची धमकी दिली की खरं सांगण्याचं प्रमाण घटलं. 'खरं बोलणं योग्य आहे' किंवा 'तू खरं सांगितलंस तर मला आनंद होईल' असं म्हटलं, आणि सोबत शिक्षेची टांगती तलवार नसली, की ते वाढलं. तुम्ही 'मी काही करणार नाही' म्हणालात तेव्हा तिने खरं सांगितलं, ते याच चालीने. तुमची पद्धत बरोबर होती. घराने तो शब्द पाळला नाही, घोडं तिथे अडलं.

तेव्हा पहिलं काम हा शब्द दुरुस्त करण्याचं. यात बाबांना घ्यावंच लागेल. आधी तुम्ही दोघं एकटे बोला आणि ठरवा की यापुढे एकाने दिलेला शब्द दुसरा मोडणार नाही. आणि जो शब्द दोघांना पाळता येणार नाही तो कोणीच द्यायचा नाही. 'काही करणार नाही' हा मुळात फार मोठा शब्द आहे. फुटलेल्या काचेचं काहीतरी करावंच लागतं. त्यापेक्षा 'मी ओरडणार नाही आणि मारणार नाही. जे झालंय ते आपण मिळून निस्तरू' हा शब्द पाळता येतो. मग दोघं मिळून तिच्याशी बोला, थोडक्यात. आई म्हणेल, 'मी काही करणार नाही म्हटलं होतं आणि तरी तुला शिक्षा झाली. तू खरं बोललीस ते धाडसाचं होतं.' बाबा म्हणतील, 'मी फार जोरात रागावलो. टॅब फुटला याचं मला वाईट वाटलं होतं. पण खरं सांगितल्याबद्दल तुला ओरडा बसायला नको होता.' एवढंच. त्याला जोडून 'पण तू तरी...' असं काही नको. आईवडिलांनी असं मुलापुढे बोललं तर मूल डोक्यावर बसेल, अशी भीती पुष्कळांना वाटते. मला उलट दिसतं. शब्द मोडल्यावर मोठी माणसं काय करतात हे मूल त्यातून पाहतं, आणि आपणही कबूल करू शकतो हे त्याला त्यातून कळतं.

इथे चूक आणि खोटं यांचे हिशेब वेगळे ठेवायला हवेत. काच फुटली, त्याचं काहीतरी व्हायलाच हवं: टॅब काही दिवस वापरायला मिळणार नाही, किंवा यापुढे तो एका ठरावीक जागी बसूनच वापरायचा. हा परिणाम चुकीशी जोडलेला आहे, आणि खरं बोललं तरी तो राहतो. पण खरं बोलल्याने तो हलका झाला पाहिजे, आणि तिला तो हलका झालेला दिसला पाहिजे. 'तू आपणहून सांगितलंस म्हणून आपण आजच दुरुस्तीचं बघू शकलो. म्हणून तीनच दिवस.' सगळं माफ केलं तर मूल कबुलीला सुटकेचं तिकीट समजतं. खरं-खोटं दोन्हीला सारखीच शिक्षा असेल तर खोटं बोलून पाहण्यात त्याचं काहीच जात नाही. पचलं तर पचलं. साडेसात वर्षांच्या मुलाला हे गणित आपल्यापेक्षा लवकर सुटतं. आणि आठवडाभर खेळ बंद ही शिक्षा या गणितात कुठेच बसत नाही. खेळाचा काचेशी संबंध काय, हे तिला कळत नाही. बाबा रागावले तर आवडतं ते काढून घेतात, एवढंच कळतं.

भावाचं नाव घेतलं, त्याकडे मात्र कानाडोळा करू नका. तिथे दुसऱ्या कोणाला तरी दुखलं आहे. धाकट्यावर आळ आला, कदाचित त्याला ओरडाही बसला असेल. तिला बळेच 'सॉरी' म्हणायला लावू नका. ते शब्द तोंडदेखले होतात. 'त्याला काय वाटलं असेल?' असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. मग 'त्याच्यासाठी तू काय करशील?' ती स्वतः काहीतरी सुचवेल, बहुधा तुमच्या अपेक्षेपेक्षा बरं. तुमच्यापैकी कोणी धाकट्याला रागावलं असेल तर त्यानेही त्याची माफी मागावी, तिच्या देखत.

कधीकधी कोणी केलं हे तुम्हाला खरंच ठाऊक नसतं. अशा वेळी चेहऱ्यावरून निवाडा करू नका. 'माझं मूल खोटं बोललं की मला लगेच कळतं' असं प्रत्येक आई म्हणते, पण मोठ्या माणसांना खरं-खोटं ओळखायला सांगितलेल्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २००६ मध्ये चार्ल्स बॉण्ड आणि बेला डीपॉलो यांनी घेतला. त्यात सरासरी ५४ टक्के उत्तरं बरोबर निघाली, म्हणजे छापा-काट्याहून जेमतेम बरी. खरं बोलणारं घाबरट मूलही नजर चुकवतं आणि अडखळतं. त्याच्यावर खोटेपणाचा आळ घेतलात तर ते वर्षानुवर्षं विसरत नाही. एकदा विचारा, उत्तर ऐका, आणि 'मला नक्की माहीत नाही, पण काच फुटली आहे आणि ती आपल्याला निस्तरायची आहे' म्हणून पुढे जा. खोदून खोदून विचारल्याने सत्य बाहेर येतंच असं नाही. स्टीफन सेसी यांनी १९९० च्या दशकात शाळापूर्व वयाच्या मुलांना कधीच न घडलेल्या घटनांबद्दल आठवड्यामागून आठवडे विचारलं. उंदराच्या सापळ्यात बोट अडकून दवाखान्यात जावं लागलं होतं का, अशी ती घटना. हळूहळू बरीच मुलं ती घटना रंगवून सांगू लागली. लहान मुलाची उलटतपासणी केली की त्याला स्वतःलाच काय घडलं याची खात्री उरत नाही. धाकट्याच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवा.

गोष्टी सांगून फायदा होतो का, असंही बरेच जण विचारतात. होतो, पण कोणती गोष्ट सांगता यावर आहे. २०१४ मध्ये कांग ली, तलवार आणि सहकाऱ्यांनी तीन ते सात वर्षांच्या मुलांना वेगवेगळ्या गोष्टी सांगून मग खेळण्याचा प्रयोग केला. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीचा काही उपयोग झाला नाही. खोटं बोललं की लाकडी बाहुल्याचं नाक लांब होतं, त्या गोष्टीचाही नाही. ज्या गोष्टीत मुलगा झाड तोडल्याचं वडिलांना खरं सांगतो आणि वडील त्याच्या खरेपणाने आनंदित होतात, तिचा झाला. पुढे संशोधकांनी याच गोष्टीचा शेवट बदलून खोटं बोलणाऱ्या मुलाची गत दाखवली, तेव्हा तो परिणाम नाहीसा झाला. खोट्याने काय वाईट होतं हे मुलांना पाठ असतं. खरं बोलल्यावर काय चांगलं होतं, हे त्यांनी क्वचितच पाहिलेलं असतं.

आणि ती पाहतात ती आपल्यालाच. 'सांग, आई घरी नाही.' 'सुई अजिबात दुखणार नाही.' 'उद्या नक्की जाऊ', आणि तो उद्या येत नाही. चेल्सी हेज आणि लेस्ली कार्व्हर यांच्या २०१४ च्या प्रयोगात काही मुलांना मोठ्या व्यक्तीने आधी एक किरकोळ थाप मारली आणि थाप होती हे सांगूनही टाकलं. शाळेच्या वयाची, म्हणजे पाच ते सात वर्षांची जी मुलं अशी फसवली गेली, त्यांनी नंतर जास्त वेळा नियम मोडून पाहिलं आणि जास्त वेळा खोटंही बोलली. तुमची मुलगी याच वयाची आहे. घरातल्या सगळ्या मोठ्यांनी एक आठवडा आपल्या बोलण्याकडे नुसतं लक्ष ठेवलं तरी पुष्कळ काही ध्यानात येईल.

पुढे ही मुलगी कशी निघेल, हे तुमचं दुसरं विचारणं. १९२० च्या दशकात ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी अमेरिकेत हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी देणाऱ्या निरनिराळ्या चाचण्या दिल्या. परीक्षेत फसवणारं मूल खेळात फसवेलच असं निघालं नाही. बहुतेक मुलं कुठे खरी, कुठे खोटी होती, आणि प्रसंग कसा आहे यावर बरंच ठरत होतं. म्हणून साडेसाताव्या वर्षीच्या या खोट्यांवरून तिच्या स्वभावाचा निकाल लावू नका, आणि 'खोटारडी' हा शब्द घरातून हद्दपार करा. पाहुण्यांसमोर तर अजिबात नको. ज्याच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही, त्याला खरं बोलून मिळवायचं तरी काय उरतं?

आता सल्ला बदलतो त्या जागा. खोटं एकाएकी सुरू झालं असेल आणि सोबत झोप बिघडली, अंथरूण ओलं होऊ लागलं, शाळेला जायला किंवा एखाद्या विशिष्ट माणसाजवळ जायला ती घाबरू लागली, तर खोट्याचा विचार बाजूला ठेवा आणि तिला कशाची भीती वाटते ते शोधा. मुलं कधी कधी दुसऱ्या कोणाला सांभाळण्यासाठी किंवा कोणी धमकावलं म्हणून खोटं बोलतात. कोणी त्रास देतं, अंगाला हात लावतं असं ती म्हणाली, तर आधीच्या खोट्यांचा दाखला देऊन ते उडवून लावू नका. ते ऐकून घ्या आणि तिच्या बाजूने उभ्या राहा. खोट्यासोबत वारंवार चोरी, प्राण्यांना किंवा लहानांना इजा करणं, घर सोडून जाणं असं काही असेल तर घरच्या उपायांवर वेळ घालवू नका, बालमानसतज्ज्ञांना दाखवा. घरात मारहाण होत असेल तर मुलीच्या सवयीआधी ती थांबवावी लागेल.

यांपैकी काही नसेल, तर घरी सुरुवात करा. दोन-तीन आठवड्यांत फार मोठा फरक दिसणार नाही. मधल्या काळात ती खोटं बोलेल, कदाचित मुद्दाम, तुम्ही बदललात हे खरं आहे का ते पाहण्यासाठी. मग एक दिवस एखादी छोटी गोष्ट आपणहून सांगेल, तीही अगदी अवेळी: तुम्ही दारातून बाहेर पडत असताना, फोनवर असताना, दमून आडव्या झालेल्या असताना. हातातलं काम तेवढं थांबवा. 'बरं झालं सांगितलंस' एवढं आधी म्हणा, आणि चुकीचं काय करायचं ते पाच मिनिटांनी बोला. बाबांनाही हेच सांगून ठेवा, कारण पुढची कबुली ती बहुधा त्यांच्यासमोर करून पाहणार आहे.

दोन-तीन महिन्यांनीही काहीच हललं नाही तर समुपदेशकाकडे जा. जाताना तिला 'तू खोटं बोलतेस म्हणून नेतोय' असं सांगू नका. 'आपल्या घरात एकमेकांना खरं सांगणं अवघड झालंय, ते सोपं कसं करायचं हे आपण तिघं मिळून विचारणार आहोत' असं सांगा. आणि पहिल्या भेटीला बाबाही सोबत असू द्या.